गढूळलेला घरगुती समुद्र

समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले, आणि पश्चिमेस मंगळूर घ्या की पूर्वेस चेन्नई घ्या, कोणत्याही मोठ्या बंदरापासून सडकेने साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर असलेले बंगळूर हे शहर खाऱ्या पाण्यातील मासे पाळण्यास सोयीचे आहे, असे कोणीही म्हणणार नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उभे राहिले ते मरीन ड्राइव्हवर, म्हणजे भरतीच्या लाटांच्या शेजारी. मद्रासचे मत्स्यालय त्याच्याही आधी, 1909 साली, निघाले तेही समुद्रकाठीच. आणि बंगळूरच्या कब्बन पार्कात 1983 मध्ये सरकारी मत्स्यालयाची अष्टकोनी इमारत उभारण्यात आली तेव्हा तिच्यात प्राधान्य मिळाले ते गोड्या पाण्यातील माशांना. असे असूनही, नोकरीधंद्याच्या निमित्ताने कोकणातून किंवा मुंबईहून येथे येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या गृहस्थास दिवाणखान्यात समुद्राचा एक तुकडा बाळगण्याची हौस वाटावी, हे स्वाभाविक आहे. फक्त त्याने प्रारंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की, किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्र आयता मिळतो. पठारावरच्या माणसाला तो स्वतःच्या हातांनी घडवावा लागतो, आणि घडवताना ज्या चुका होतात त्यांची पहिली साक्ष पाण्याचा गढूळपणा देतो.

नवी काचपेटी मांडली, वाळू अंथरली, दगड रचले, खारे पाणी भरले, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो पेटीची मागची काचही दिसत नाही, अशी अवस्था बहुतेक सर्व नवशिक्यांच्या वाट्याला येते. या प्रसंगी दोनच विचार मनात येतात: एक, बाजारातून पाणी स्वच्छ करणारे एखादे औषध आणून ओतावे, दुसरा, सगळे पाणी फेकून देऊन पुन्हा नव्याने सुरुवात करावी. हे दोन्ही उपाय बहुधा अनिष्टच ठरतात. ताप हा जसा रोग नसून रोगाचे लक्षण, तसाच गढूळपणाही स्वतः दोष नसून दोषाचा निदर्शक आहे, आणि तो पाच निरनिराळ्या कारणांनी उद्भवत असल्यामुळे एका कारणावरचा इलाज दुसऱ्यावर लागू पडत नाही, किंबहुना अपायच करतो. म्हणून आधी निदान आणि मग उपचार, हा क्रम येथेही सोडता येत नाही.

ती पाच कारणे अशी: वाळूची धूळ, पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा अवक्षेप, अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे, जिवाणूंची बेसुमार वाढ, आणि शेवटी, हरित शैवालाचे सूक्ष्म कण. त्यांचा उलगडा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पेटीतील पाणी एका स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन काळ्या कागदासमोर धरावे. मिनिटा-दोन मिनिटांत ते वरच्या बाजूस सरकत सरकत स्वच्छ झाले तर ते बुडबुडे होते, असे समजावे. तसे न झाल्यास पेला रात्रभर हलवल्यावाचून ठेवावा. सकाळी तळाशी पांढरा किंवा करडा थर बसून वरचे पाणी बरेचसे निवळले असेल, तर दोष धुळीचा अथवा अवक्षेपाचा आहे. दुसऱ्या पेल्यात त्याच पाण्यावर शिर्क्याचे किंवा लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून ढवळले असता दुधाळपणा नाहीसा झाला, तर तो चुन्याच्या जातीचा आहे हे सिद्ध झाले. कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, पण ग्रॅनाइटची धूळ विरघळत नाही आणि जिवाणूही विरघळत नाहीत. रात्रभर ठेवूनही जे पाणी जसेच्या तसे धूसर राहते आणि ज्याला क्वचित कुबट वासही येतो, त्यात जिवाणूंची वाढ झालेली असते. हिरवट छटा असली तर शैवालाचा संशय घेण्याचेही कारण उरत नाही. तो उघडच असतो.

आता एकेका कारणाचा विचार करू, आणि त्यासाठी प्रथम समुद्राचे पाणी म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. खुल्या महासागराच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत वजनाने क्लोराइड सुमारे 55 टक्के, सोडियम सुमारे 31 टक्के असले, तरी सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम हे उरलेले अल्पसंख्याकच माशांच्या आणि प्रवाळांच्या जीवनाला आधारभूत असतात. मग मिठागरातले खडेमीठ पाण्यात विरघळवून समुद्र का बनत नाही, अशी पृच्छा पुष्कळ जण करतात. तिचे उत्तर मिठागराच्या प्रक्रियेतच आहे. खाडीचे पाणी उन्हाने आटत जाते तसतसा प्रथम चुना खाली बसतो, मग जिप्सम बसते, आणि पाणी मूळच्या सुमारे एकदशांशावर आल्यावर खाण्याचे मीठ स्फटिकरूपाने पडू लागते. मॅग्नेशियमचे क्षार मात्र मीठ ओढून घेतल्यावर उरलेल्या कडू पाण्यातच राहतात आणि त्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे मिठागर हे समुद्राची वाटणी करणारे ठिकाण आहे, आणि एकदा झालेली वाटणी केवळ एक वाटा परत आणून रद्द होत नाही. या कारणास्तव पठारावरच्या मत्स्यप्रेमीला सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले तयार सागरी मीठ विकत घ्यावे लागते. ही कल्पना नवी नाही. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस याने, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडल्यानंतर लगेच, म्हणजे 1854 मध्ये, चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल तयार करून दाखवले. आणि त्यात आधी समुद्रशैवाल व मागाहून प्राणी सोडले. प्राणी मागाहून सोडण्याच्या त्याच्या या क्रमात पुष्कळ शहाणपण होते, ते पुढे दिसेल.

मीठ झाले, आता पाणी. बंगळूरच्या नळाला येणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरील तोरेकाडनहळ्ळी येथून टप्प्याटप्प्याने, एकंदर सुमारे पाचशे मीटर उंच चढवून शहरात आणले जाते. या योजनेचा पहिला टप्पा 1974 साली पूर्ण झाला. पण शहराच्या विस्तारात, विशेषतः बाहेरच्या वसाहतींत, अनेक घरांना बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी घ्यावे लागते, आणि ते बहुधा जड असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट, सिलिकेट आणि पुष्कळदा नायट्रेटही असतात. सागरी मिठाच्या पाकिटात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हिशेबाने घातलेले असल्यामुळे, मूळच्या पाण्यातला चुना त्यात अधिक झाला की हिशेब चुकतो. म्हणून आरओ यंत्राने गाळून पुढे रेझिनच्या नळकांड्यातून नेलेले पाणी वापरण्याची शिफारस करण्यात येते. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्राचे पाणी यासाठी आंधळेपणाने घेऊ नये. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी मूळचे थोडे पाणी किंवा खनिजे परत मिसळण्याची तजवीज केलेली असते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याची पेनाएवढी साधी कांडी अल्प किमतीत मिळते, आणि ती शून्याच्या जवळचा आकडा दाखवत असल्यास पाण्याविषयी निर्धास्त राहावे.

ज्यांना हा खटाटोप नकोसा वाटतो ते मंगळुराहून समुद्राचेच पाणी मागवावे असे सुचवतात. पण एक हजार लिटर समुद्राचे पाणी म्हणजे एक टनाहून अधिक वजन. शिवाय नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या मुखाजवळचे पाणी पावसाळ्यात फिकट आणि मातकट झालेले असते. आणि त्यात जे सूक्ष्म जीव जिवंत असतात ते बंद पिंपातल्या प्रवासात मरून, कुजून, पुढे वर्णन केलेल्या जिवाणूंच्या धुक्याला निमंत्रण देतात. घाटावर पाणी चढवून आणण्यापेक्षा मीठ आणणे हा मार्ग सर्वथा सोयीचा.

मिठाचे मिश्रण करण्याची रीत मात्र कटाक्षाने पाळावी लागते. कारण दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे चुन्याच्या अवक्षेपाचा गढूळपणा येथेच जन्मतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मुळातच संपृक्तावस्थेच्या काही पट अधिक असते, आणि ते खाली न बसता विरघळलेले राहते याचे मोठे श्रेय मॅग्नेशियमला आहे, कारण मॅग्नेशियम चुन्याच्या स्फटिकांची वाढ रोखून धरते. हा समतोल नाजूक आहे. पिंपात आधी मीठ टाकून त्यावर थोडे थोडे पाणी ओतले, की तळाशी कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची सांद्रता क्षणभर अतिशय वाढते, आणि दोघांची गाठ पडून पांढरा भुसा तयार होतो, जो मागाहून कितीही पाणी घातले तरी सहसा विरघळत नाही. पिठल्याचे पीठ उकळत्या पाण्यात पेरायचे असते, पिठावर पाणी ओतायचे नसते, हे ज्या घरात ठाऊक आहे त्या घरात हा नियम निराळा शिकवण्याची गरज नाही. पाणी पुरते भरून, त्यात पंप चालू ठेवून, मीठ थोडे थोडे सोडावे. पाणी फार तापवू नये, कारण उष्णतेने चुना अधिकच लवकर बाहेर पडतो. दोनशे लिटर पाण्याला साधारण सात ते साडेसात किलो मीठ लागते, पण वाळू आणि दगड यांनी जागा अडवल्यामुळे दोनशे लिटरच्या पेटीत प्रत्यक्ष पाणी त्याहून कमीच मावते, हेही विसरू नये. मिश्रण चोवीस तास फिरू द्यावे, 25 अंश तापमानाला विशिष्ट घनता 1.025 ते 1.026 आहे याची रिफ्रॅक्टोमीटरने खात्री करून घ्यावी, आणि पिंपातले पाणी निर्मळ दिसू लागल्यावरच पेटीत भरावे. पिंपातच गढूळ असलेले पाणी पेटीत गेल्याने निवळेल अशी आशा धरणे व्यर्थ होय.

वाळूच्या धुळीचे गणित याहून सोपे आहे. स्थिर द्रवात पडणाऱ्या सूक्ष्म गोलकणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याने 1851 साली मांडलेला नियम. त्यानुसार अर्धा मीटर खोल पेटीत एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा चुन्याचा कण सुमारे सव्वा तासात तळ गाठतो. पण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या, म्हणजे एका मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापण्यास, पाणी संपूर्ण निश्चल असले तरी, पाच दिवस लागतात, आणि पंप चालू असेल तर तो कण कधीच खाली बसणार नाही. म्हणून नव्या पेटीतील धूळ पहिल्या काही तासांत झपाट्याने कमी झालेली दिसते आणि नंतर उरलेले धुके जाता जात नाही. यावरचा खरा उपाय पेटी भरण्यापूर्वीचा आहे: कोरडी वाळू बादलीत घेऊन वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत ती पुनःपुन्हा धुवावी, आणि पेटीत पाणी सोडताना तळाशी एक ताटली ठेवून तिच्यावर धार धरावी. मात्र जी ओली वाळू जिवंत जिवाणूंसह पाकिटात विकली जाते ती धुऊ नये. धुतल्याने तिचे मोलच जाते.

बंगळुरात या बाबतीत एक स्थानिक मोह संभवतो. नदीच्या वाळूच्या टंचाईमुळे येथे बांधकामावर सर्रास ग्रॅनाइट दळून केलेली एम-सँड वापरली जाते, आणि ती रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेली असते. ती स्वस्त असली तरी सागरपेटीत कदापि घालू नये; तिच्यात दगडाचे बारीक पीठ विपुल असते, ते आम्लातही विरघळत नाही, आणि तिच्या कडा अणकुचीदार असल्यामुळे वाळूत तोंड खुपसणाऱ्या माशांना इजा होते. शिंपल्यांच्या किंवा अ‍ॅरॅगोनाइटच्या, म्हणजे चुन्याच्याच एका स्फटिकरूपाच्या, वाळूची धूळ उडाली तर निदान ती पाण्याच्या प्रकृतीशी विसंगत नसते. उरलेले धुके काढण्यासाठी दाट फिल्टर फ्लॉस किंवा बारीक विणीची गाळण-पिशवी पाण्याच्या वाटेत लावावी, आणि ती दररोज बदलावी किंवा धुवावी. येथे निसर्गही साहाय्य करतो: खाऱ्या पाण्यातील विद्युद्भारित कण मातीच्या सूक्ष्म कणांमधील परस्पर-प्रतिकर्षण कमी करतात, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. नदी समुद्राला मिळते तेथे तिचा गाळ साचून त्रिभुज प्रदेश बनण्यात याच क्रियेचा हात असतो.

बुडबुड्यांचे धुके हे सर्वांत निरुपद्रवी. गोड्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि चटकन वर जातात. खाऱ्या पाण्यात क्षार त्यांना मिसळू देत नाहीत, म्हणून ते बारीकच राहून सर्व पेटीभर हिंडतात. पंपाचे तोंड हवा ओढत असेल, पेटीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, पाण्याची पातळी उतरली असेल, किंवा फेसावाटे घाण काढणारा नवा स्किमर अजून मुरला नसेल, तर असे होते. पाण्याची पातळी सुधारून आणि वाटेत स्पंज ठेवून ते थांबते. खाऱ्या पाण्याचा हाच गुण स्किमरच्या मुळाशी आहे: असंख्य बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला विरघळलेले सेंद्रिय द्रव्य चिकटते, फेस होऊन वर येते आणि वरच्या पेल्यात जमा होते. म्हणजे जे एका ठिकाणी दोष तेच दुसऱ्या ठिकाणी साधन ठरते.

पण नव्या पेटीच्या मालकाची खरी कसोटी पाहते ते चौथे कारण, जिवाणूंची वाढ. स्वच्छ समुद्राच्या एका मिलिलिटरमध्येही सुमारे दहा लाख जिवाणू असतात आणि तरीही ते पाणी पारदर्शक असते. पेटीत खाद्य उरले, दगडावरचा एखादा जीव मेला, किंवा पेटी लवकर सिद्ध व्हावी म्हणून कोणी कोळंबीचा तुकडा टाकून ठेवला, की त्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे जिवाणू, ज्यांची संख्या अनुकूल स्थितीत तासा-अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते, एका रात्रीत पाणी दुधाळ करून टाकतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू, जे अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, ते अतिशय सावकाश वाढतात; त्यांना दुप्पट होण्यास कित्येक तास, पुष्कळदा दिवसही लागतो. शीघ्रगामी आणि मंदगामी या दोघांच्या वाढीतील हे अंतर म्हणजेच नव्या पेटीचा संकटकाळ. अमोनियाचे नायट्रेट होते ते जीवसृष्टीच्या हातून, हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी 1877 साली दाखवले, आणि 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की याने ते जिवाणू वेगळे करून त्यांचा स्वभाव सांगितला. हौशी मंडळी या कालखंडाला ‘सायकल’ म्हणतात. त्याची मुदत साधारण चार ते सहा आठवडे धरावी.

या मुदतीत मासे सोडू नयेत, याची दोन कारणे आहेत. एक, अमोनियाचे विष पाण्याच्या क्षारीयतेबरोबर वाढते: पीएच एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असल्यामुळे गोड्या पाण्यात जे प्रमाण सहन होते ते येथे घातक ठरते. दुसरे कारण प्राणवायूचे, आणि त्यात बंगळूरच्या उंचीचाही वाटा आहे. 25 अंश तापमानाला गोडे पाणी समुद्रसपाटीवर लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू धारण करते. खारे पाणी सुमारे 6.7 मिलिग्रॅमच, आणि बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे एक दशांशाने कमी असल्यामुळे तेथील खाऱ्या पाण्याच्या वाट्याला जेमतेम 6 मिलिग्रॅम येतो. वाढीस लागलेले जिवाणू श्वसनासाठी याच तुटपुंज्या साठ्यावर हात मारतात. म्हणून दुधाळ पाणी मुंबईत असेल त्याहून बंगळुरात अधिक धोक्याचे, आणि अशा वेळी पहिला उपाय कोणता असेल तर पाण्याचा पृष्ठभाग सतत खळबळत ठेवणे आणि हवेचा पंप चालू करणे. त्यानंतर मेलेले जीव आणि सडलेले खाद्य शोधून काढावे, खाद्य बंद ठेवावे, स्किमर चालू ठेवावा, आणि वाट पाहावी. खाद्य संपले की हे जिवाणू आपोआप ओसरतात. बहुधा काही दिवसांत, क्वचित एक-दोन आठवड्यांत पाणी निवळते. पेटीत मासे आधीच सोडले गेले असतील तर अमोनिया रोज मोजावा आणि तो वाढलेला दिसल्यास पाण्याचा चौथा हिस्सा, तितक्याच खारट आणि तितक्याच तापमानाच्या तयार पाण्याने, बदलावा. सगळे पाणी फेकून वाळू आणि दगड नळाखाली धुणे म्हणजे, क्लोरीनच्या हाताने, नुकत्याच वस्तीला आलेल्या उपयुक्त जिवाणूंची हकालपट्टी करणे आहे. त्यानंतर सर्व मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते.

या संदर्भात जिवंत दगडाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जाकार्तातील ली चिन एंग या मत्स्यपालकाने 1961 साली, समुद्रातून आणलेल्या सजीव दगडांच्या आणि हवेच्या बुडबुड्यांच्या बळावर पेटी राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ‘लाइव्ह रॉक’ हे सागरपेटीचे हृदय समजले जाते. आपल्या देशात मात्र प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मन्नारच्या आखातातून किंवा लक्षद्वीपमधून फोडून आणलेला प्रवाळाचा दगड, बंगळूरच्या शिवाजीनगरातला एखादा दुकानदार कितीही आग्रहाने देऊ करो, घेणे हा गुन्हा आहे. सच्छिद्र मातीचे भाजलेले किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घेणे हाच निर्वेध मार्ग. त्यांच्यावर मरणारे काही नसल्यामुळे पाणी सडण्याची भीती कमी, पण त्यांच्यावर उपयुक्त जिवाणूही नसल्यामुळे सायकलची मुदत अधिक लांबते. बाटलीतले जिवाणू घातल्याने ती थोडी आटोक्यात येऊ शकते. माशांच्या बाबतीतही तोच विवेक ठेवावा: कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाक्यांत यशस्वी केलेली आहे, आणि असे टाकीत जन्मलेले मासे समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा पेटीला लवकर सरावतात.

पाचव्या, हिरव्या गढूळपणाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पेटी खिडकीच्या उन्हात असते, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचलेले असतात, आणि सूक्ष्म शैवालाला याहून अधिक काही नको असते. उजेडाचे तास कमी करावेत, पाण्याचे मूळ तपासावे, आणि आवश्यकता भासल्यास 254 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा दिवा पाण्याच्या वाटेत बसवावा. हा दिवा जिवाणूंच्या धुक्यावरही थोडाफार चालतो, धुळीवर मात्र मुळीच चालत नाही.

राहता राहिला पाणी निवळवणाऱ्या द्रव्यांचा प्रश्न. आपल्या देशात तो फार जुना आहे. पावसाळी गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची वहिवाट घरोघर होती, आणि त्याहीपूर्वीपासून मडक्याच्या आतल्या अंगाला निवळीचे, म्हणजे कतक वृक्षाचे, बी घासत असत. या झाडाचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीतही दिलेला आहे. पण माणसाच्या पिण्याच्या पाण्यातले हे गुणकारी उपाय समुद्राच्या पेटीत गैरलागू आहेत. तुरटी पाण्याची क्षारीयता खाऊन टाकते आणि तिच्यातील अ‍ॅल्युमिनियम मऊ प्रवाळांना बाधते. निवळीच्या बियांतले सेंद्रिय द्रव्य तर जिवाणूंना मेजवानीच. बाजारात सागरपेटीसाठी म्हणून जी द्रव्ये मिळतात ती कणांना एकत्र गोळा करून गाळणीत अडकवतात. त्यांचा उपयोग धुळीवर, पेटीत मासे नसताना, एकदा, आणि बाटलीवर लिहिलेल्या मात्रेतच करण्यास हरकत नाही. जिवाणूंच्या धुक्यावर ती ओतली तर घटकाभर पाणी स्वच्छ दिसते, आणि ज्या अन्नावर जिवाणू वाढले ते जागच्या जागी राहिल्याने धुके परत येते. कोळशाचेही तसेच: सक्रिय कोळसा पाण्याचा पिवळेपणा आणि वास काढतो, दुधाळपणा काढत नाही.

या सर्व विवेचनाला बंगळुरात आणखी एक बाजू आहे, आणि ती नागरिकत्वाची आहे. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे सामान्यतः दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. म्हणजे दोनशे लिटरची पेटी अधीरपणाने एकदा रिकामी करून पुन्हा भरणाऱ्याने, मिठाचा खर्च सोडूनच देऊ, पण सहाशे ते आठशे लिटर पाण्याला हात घातला. 2024 च्या मार्च महिन्यात शहरातल्या बोअरवेल आटल्या तेव्हा पाणीपुरवठा मंडळाने मोटारी धुणे, बागेला घालणे अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरणाऱ्यांस पाच हजार रुपये दंडाचा हुकूम काढला होता. अशा शहरात समुद्र बाळगणाऱ्याने आरओचे टाकाऊ पाणी फरशी पुसण्यास आणि शौचालयास राखून ठेवावे, आणि भरलेली पेटी निष्कारण ओतून देऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तेव्हा ज्यांना हा उद्योग आरंभायचा आहे त्यांनी वाळू धुवावी, मीठ पिंपात पुरते विरघळू द्यावे, पेल्याच्या परीक्षेने गढूळपणाची जात ओळखावी, हवा भरपूर खेळती ठेवावी, आणि अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही शून्यावर आलेले सलग काही दिवस मोजून पाहिल्यावाचून पहिला मासा विकत घेऊ नये. नव्या पेटीत पैशाने जे आणता येते ते पहिल्याच आठवड्यात आणून होते. उरलेले पाच आठवडे पाण्याला द्यावेत, कारण तेवढ्या काळात ते स्वतःच निवळते.